तू जा, मी बघतो

ताता गेल्यावर भेटायला जी माणसं आली, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच शब्द उच्चारला. कष्टाळू. लई कष्टाळू माणूस होता बघा. दारात चपला काढता काढता म्हणायचे, सतरंजीवर टेकल्यावर पुन्हा म्हणायचे, आणि उठून जाताना दाराची चौकट धरून आणखी एकदा. मी मान हलवत होते. चांगल्या मनाने आलेली माणसं, त्यांना काय बोलणार? पण मनात येत होतं, कष्टाळू माणसाच्या घरात राहून बघितलंय का तुम्ही कधी? तो शब्द आता मला ऐकवत नाही.

ताता म्हणजे माझे आजोबा, माझ्या वडिलांचे म्हणजे बापूंचे वडील. आम्ही मूळचे तेलंगणातले विणकर. पण ते मूळ इतकं मागे पडलंय की तिकडच्या एका गावाचं नावही मला धड सांगता येणार नाही. ताता जन्मले सोलापुरात, पूर्व भागात, आणि गेलेही तिथेच, जन्माच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. आजीला आम्ही अव्वा म्हणतो. ती दोघं आपसात तेलुगू बोलायची, आम्हा नातवंडांशी मराठी. आम्हाला शाळेत त्रास नको म्हणून तसं ठरवलं होतं म्हणे. मी पुढे मराठी शाळेत शिक्षिकाच झाले, तेव्हा त्यांचं ठरवणं फुकट गेलं असं कुणी म्हणू नये.

पण घरात एक तिसरीही भाषा होती. पुढे राहायच्या दोन खोल्या, मधली एक अंधारी खोली आणि तिच्या भिंतीला लागून मागे पत्र्याचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, चार यंत्रमाग, टॉवेलचे. ते चारी माग चालू झाले की पत्रा थरथरायचा, मांडणीवरची भांडी थरथरायची, पाण्यात वर्तुळं उठायची. सकाळी सुरू झालेला तो खडखडाट रात्रीपर्यंत चालायचा. आत गेलं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. आमच्या घरातली सगळी माणसं म्हणूनच ओरडून बोलतात. माझ्या सासूबाई लग्नानंतर पहिले सहा महिने समजत होत्या की मी त्यांच्यावर चिडलेली आहे. वर्गात साठ पोरं असली तरी मला अडचण येत नाही, आणि शाळेच्या संमेलनात माईक बंद पडला की सगळे माझ्याकडे बघतात.

तर कारखान्यात बोलणं हाताने चालायचं. अंगठ्यावर बोट घासलं की धागा तुटलाय. मूठ छातीकडे ओढली की माग चालू कर, तळवा खाली दाबला की बंद कर. करंगळी वर केली की धोट्यातली कांडी संपली, सुताची नवी कांडी घाल. गल्लीतल्या सगळ्या कारखान्यांतून हे थोड्याफार फरकाने असंच चालतं. यातली एक खूण मात्र तातांनी इतक्या वेळा केली की ती मला त्यांच्या चेहऱ्याआधी आठवते. डावा तळवा आपल्या छातीवर थोपटायचा आणि त्याच वेळी उजव्या हाताने समोरच्याला दार दाखवायचं. तू जा, मी बघतो.

माग चालू ठेवून विणकराला हलता येत नाही. नजर हटली आणि ताण्यातला एक धागा तुटला, तर टॉवेलभर रेघ उमटते आणि माल परत येतो. जेवायला जायचं असो की लघवीला, कुणीतरी आपल्या जागी उभं राहावं लागतं. ते उभं राहणारं माणूस आमच्याकडे कायम ताताच असायचे. बापूंना जेवायला पाठवायचे, कांड्या भरणाऱ्या बायकांना पाणी आलंय म्हणून घरी पाठवायचे. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, आलेलं चुकलं की चार दिवस मरण. मी अभ्यासाची वही घेऊन दारात उभी राहून बघत राहिले की मलाही तीच खूण. तू जा, मी बघतो. त्यांच्या जागी कोण उभं राहायचं? मला तरी असं कुणी आठवत नाही. ते भाकरीवर शेंगाचटणी घेऊन, भाकरी हातावरच धरून, दोन मागांच्या मधल्या बोळात उभ्याने जेवायचे. घास तोंडात आणि डोळे धाग्यांवर. भुवयांवर कापसाची लव, बोटांना तेल.

तरुणपणी ते मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा पदरात दोन बहिणी लग्नाच्या, तीन मुली आणि बापू. मग दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीने विणलं, मग कुणीतरी भंगारात काढलेले दोन माग आणून स्वतःच दुरुस्त केले, मग आणखी दोन. बहिणींची लग्नं झाली, मुलींची झाली, घर झालं. हे सगळं मी ऐकलेलं आहे, आणि ऐकवणाऱ्यांच्या आवाजात नेहमी अभिमान असायचा. मलाही अभिमान आहे, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही यायचा. आमच्या घरात दुपारी आडवं होण्याची चोरी होती. ताता काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. ते नुसते बाजूने जायचे, खाली पडलेली सुतळी उचलायचे, गुंडाळायचे, खिशात टाकायचे, आणि लोळणारा माणूस आपोआप उठून बसायचा. आई होती तोवर ती म्हणायची की या घरात ताप आल्याशिवाय अंथरूण मिळत नाही. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते.

सुट्टीच्या दिवशी माग बंद असायचे, तेव्हा ते मागांना तेल घालत. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर मात्र ते आम्हाला घेऊन जायचे. अव्वाला मोठ्या पाळण्यात बसायची फार हौस. एकदा ती म्हणाली की तुम्हीपण चला, दरवर्षी खालीच थांबता. तातांनी छातीवर तळवा थोपटला आणि उजव्या हाताने पाळणा दाखवला. आम्ही वर गेलो. वरून दिसत होतं, ताता गर्दीत आमच्या सगळ्यांच्या चपला पायांशी गोळा करून उभे होते आणि शेजारच्या दुकानातल्या चादरीची किनार उलटी करून बघत होते. अव्वा वर खो खो हसत होती. मी अजून त्या चित्रावर हसावं की चिडावं हे ठरवू शकलेले नाही.

अव्वाबद्दल सांगायला हवं. ती नुसती घर सांभाळणारी बाई नव्हती. सुरुवातीची कितीतरी वर्षं ती कांड्या भरायची, आणि मजूर मिळेनासे झाले तेव्हा पदर कमरेला खोचून दोन मागांवर स्वतः उभी राहायची. तिचा हात चांगला होता. मग डोळे गेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचा आतला पडदाच खराब निघाला. ती सांगायची नाही, अंदाजाने विणत राहायची. एकदा तुटलेला धागा तिला दिसला नाही आणि एक अख्खा ताका रेघेसकट निघाला. तातांनी रेघ बघितली, ताका गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी अव्वा पदर खोचून कारखान्याच्या दारात आली, तेव्हा ते तिच्या मागापाशी उभे होते. छातीवर तळवा, हात दाराकडे. तू जा, मी बघतो. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग तिने येणं सोडलं.

हे अव्वाला फार लागलं. पुढे वर्षानुवर्षं, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, ती कुठूनही त्या गोष्टीवर यायची. मला कारखान्यातनं उठवलं, म्हणायची. तातांनी त्यावर एक शब्द काढला नाही. त्यांना तिला आराम द्यायचा होता की माल वाचवायचा होता, हे मला कधी कळलं नाही. बहुधा त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तातांना झटका आला. माग चालू असतानाच. बापू म्हणाले की पडतानासुद्धा त्यांनी आधी माग बंद केला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात काही दिवस ठेवून डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी न्या, सेवा करा. आम्ही मधल्या खोलीत लोखंडी कॉट टाकली, कारण बाथरूम जवळ आणि उन्हात तीच खोली गार. कॉटवरून समोर कारखान्याचं दार दिसायचं. त्या दाराकडे आम्ही तेव्हा नीट लक्षच दिलं नाही.

तेव्हापासूनचे दिवस मला एकमेकांत मिसळूनच आठवतात. माझं सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळची शाळा, तिथून रिक्षाने माहेरी, तातांचं अंग पुसणं, चादर बदलणं, पेज भरवणं, मग घरी जाऊन स्वयंपाक. बापू मागांवर, कारण ऑर्डर अर्धवट सोडता येत नव्हती. अव्वाला भरवताना चमचा तोंडाऐवजी गालाला लागायचा, म्हणून तिला आम्ही बाजूलाच बसवत होतो. बसवतानाही माझा आवाज चढायचा. मी इतकी दमायचे की रिक्षात डोळा लागायचा आणि रिक्षावाला उठवायचा.

पण मला खरं खाल्लं ते त्यांच्या जागेपणाने. ताता झोपायचेच नाहीत. त्यांना ऐकू जवळजवळ येत नव्हतं, मागांनी कान कधीच नेले होते. पण माग चालले की फरशी थरथरायची आणि कॉट थरथरायची. त्यांचे डोळे टक्क उघडे, दाराकडे. रात्री डॉक्टरांच्या गोळीने थोडी ग्लानी यायची, तेवढीच. गालफडं बसली, डोळे खोल गेले. डॉक्टर म्हणाले की झोप नाही मिळाली तर हे शरीर टिकणार नाही. आणि त्यात ते छातीवर हात थोपटायला लागले. डावा हात चालत होता तो उचलायचे आणि छातीवर आपटायचे, पुन्हा पुन्हा, जो कुणी कॉटजवळ येईल त्याच्याकडे बघत.

आम्ही घाबरलो. छातीत दुखतंय. रिक्षा बोलावली, बापूंनी त्यांना उचलून घातलं, दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. हृदय ठणठणीत. चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा रिक्षा, पुन्हा पट्टी. डॉक्टर बापूंना म्हणाले की तुमच्यापेक्षा तुमच्या वडिलांचं हृदय चांगलं आहे. मग मला वाटलं मागांचा त्रास होतोय. बापूंनी चारी माग बंद केले. घर एकदम मुकं झालं. ताता अस्वस्थ झाले, मान वळवू लागले, आणि उठायच्या धडपडीत कॉटवरून अर्धे खाली घसरले. चारी माग एकदम बंद पडणं म्हणजे त्यांच्या लेखी काहीतरी मोठं बिघडणं. माग पुन्हा चालू केले. ते शांत पडले, पण डोळे उघडेच, आणि छातीवर थोपटणं चालू.

कळलं ते अव्वाला. मी तिला बाजूला बसवून ठेवत होते म्हणून उशिरा कळलं. एका दुपारी मी बाम आणायला उठले आणि ती सरकत सरकत कॉटपाशी गेली. दिसत नाही म्हणून तिने हाताने चाचपलं, तिचा हात त्यांच्या छातीवर गेला आणि त्यांचा हात येऊन तिच्या हातावर पडला. एकदा, दोनदा. ती थांबली. मग हसली, आणि मी बाम घेऊन परत आले तेव्हा मला म्हणाली,

"छातीत कुटं दुकायलंय? जेवायला जा म्हणायलेत तुमाला."

मी बाम खाली ठेवला. डावा हात छातीवर, उजवा दाराकडे. उजवा हात मेलेला होता, म्हणून खुणेचा अर्धाच भाग उरला होता. मी, बापू, आम्ही ती खूण जन्मापासून बघत आलो, आणि त्या अर्ध्यावरून आम्हाला ती ओळखता आली नाही. आम्ही त्यांच्या उशाशी चिंतेने उभे, आणि ते आम्हाला सांगत होते की तुम्ही जा, मी बघतो. मी बाहेर पायरीवर येऊन बसले आणि रडले. वाईट वाटून नाही, संतापाने. अर्धं अंग गेलं तरी या माणसाची पाळी संपलेली नव्हती. त्याच्या जागी उभं राहायला कुणी आलंच नव्हतं, मग तो झोपणार कसा?

संध्याकाळी बापूंना सांगितलं. बापू कॉटसमोर उभे राहिले आणि त्यांनी नीट खूण केली, दोन्ही हातांनी. तुम्ही जा, मी बघतो. तातांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग त्यांच्या खांद्यावरून दाराकडे. बापू इथे, तर मागांवर कोण आहे? डोळे मिटले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी केली. माझ्याकडे बघून त्यांच्या तोंडाची चालणारी बाजू जरा हलली. मी आयुष्यात माग चालवलेला नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

अव्वा हे सगळं बसून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी पेजेचं भांडं विसळत असताना, ती उठली. पदर कमरेला खोचला. कितीतरी वर्षांनी मी तिला तसा पदर खोचताना बघत होते. भिंत धरत धरत ती कारखान्याच्या दारात गेली आणि उंबऱ्यावर वळून उभी राहिली. तिच्या मागे खडखडाट, उजेडात उडणारी कापसाची लव. तिने डावा तळवा छातीवर थोपटला आणि उजव्या हाताने बाहेरचं दार दाखवलं.

ताता तिच्याकडे बघत राहिले. बराच वेळ. ती हलली नाही. मग त्यांनी डोळे मिटले.

दुपारभर ते झोपले. मी दर थोड्या वेळाने जाऊन नाकाशी बोट धरून बघत होते. संध्याकाळी जागे झाले तेव्हा वाटीभर पेज जास्त प्यायले. त्या दिवसापासून तो नेमच झाला. जेवणानंतर अव्वा पदर खोचायची, भिंत धरून दारात जायची, खूण करायची, आणि ते झोपायचे. ती मग तिथेच उंबऱ्यात स्टूल टाकून बसायची, कारखान्याकडे तोंड करून. ते झोपले की तिने उठायला हरकत नव्हती, पण उठायची नाही. मी म्हटलं तर म्हणायची की सांगितलंय त्यांना. छातीवरचं थोपटणं थांबलं. आम्ही सगळेच जरा झोपू लागलो. पावसाळा तसा गेला. नवरात्राच्या आधी एका दुपारी ते असेच झोपले आणि संध्याकाळी उठले नाहीत.

माणसं येऊन गेली. कष्टाळू, कष्टाळू. दिवस झाल्यावर पाहुणे पांगले आणि बापूंनी माग चालू केले. कॉट उभी करून भिंतीला टेकवली होती. शेजारून आलेली भाकरी-आमटी झाकून ठेवलेली होती आणि कुणीच जेवलं नव्हतं. अव्वा त्या उंबऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. मी तिच्यापाशी फरशीवर टेकले. खूप दिवस मनात होतं ते विचारलं. इथे बसून तुला माग दिसायचे का?

"न्हाय," ती म्हणाली. "नुसतं पांढरं पांढरं हलतंय."

"मग धागा तुटला असता तर?"

"कळलं नसतं." तिने कमरेचा पदर सोडून मांडीवर घेतला. "माझं डोळं न्हाईत हे त्यांच्याइतकं कुणाला म्हाईत हुतं? त्यांनीच उठवलं की मला हितनं."

"तरी झोपले?"

माग चालूच होते, म्हणून मी तिच्या तोंडाजवळ कान नेला.

"दमले हुते गं," ती म्हणाली. "लई वर्सांपास्नं दमले हुते."

इतकी माणसं येऊन गेली, पण हा शब्द एकानेही उच्चारला नव्हता. मीही नाही. मला हुंदका आला आणि तो मागांच्या आवाजात कुणाला ऐकू गेला नाही. अव्वाने हाताने माझं तोंड चाचपलं, गाल ओला लागला असेल. तिने विचारलं की जेवलीस का. मी मानेने नाही म्हटलं, मग तिला दिसत नाही हे आठवून तिचा हात हलवून नाही म्हटलं.

तिने डावा तळवा छातीवर ठेवला आणि उजव्या हाताने स्वयंपाकघर दाखवलं. मी पण दमले होते. उठले आणि जेवायला गेले.